जायंट्स विरुद्ध डॉजर्स, २०२१ : त्या १९ मॅचेस

फ्रीमाँटकर

बेसबॉलचा धागा इथे क्वचितच निघतो, म्हणून मुद्दाम काढतोय. विषय एकच. २०२१ च्या रेग्युलर सीझनमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स एकमेकांशी १९ वेळा खेळले, त्या १९ मॅचेस. मी पक्का जायंट्सवाला आहे हे आधीच सांगतो, पण पुढचा हिशेब कुणीही करून बघावा.

सीझनअखेर जायंट्सचे १०७ विजय, ५५ पराभव. डॉजर्सचे १०६ आणि ५६. आपसातल्या १९ पैकी जायंट्सने १० जिंकल्या, डॉजर्सने ९. आता या १९ मॅचेस दोघांच्या खात्यातून वजा करा. जायंट्स उरतात ९७-४६. डॉजर्सही उरतात ९७-४६. म्हणजे बाकीच्या सगळ्या टीम्सविरुद्ध खेळलेल्या १४३ मॅचेसमध्ये दोघांत काडीचाही फरक नाही. एप्रिल ते ऑक्टोबर एवढी यातायात झाली आणि डिव्हिजन (पाच टीम्सचा गट) कुणाची ते ठरलं या १९ मॅचेसमध्ये. त्यातलीही कुठलीही एक इकडची तिकडे गेली असती तर १०७ त्यांचे झाले असते आणि १०६ आमचे.

सुरुवात तर भयंकर होती. २१ ते २३ मे, डॉजर्स आमच्या ओरॅकल पार्कवर आले आणि २-१, ६-३, ११-५ अशा तिन्ही मॅचेस घेऊन गेले. सीझनच्या आधी जायंट्सबद्दलचे अंदाज ७५ विजयांच्या आसपासचे होते. डॉजर्स आदल्या वर्षीचे वर्ल्ड सिरीज विजेते, आणि २०१३ पासून सलग आठ वर्षं डिव्हिजन त्यांचीच. त्या तीन दिवसांनंतर सगळ्यांनी जायंट्सना मोडीत काढलं. २७ मेला एलएमध्ये डॉजर्सने पुन्हा ४-३ ने हरवलं. हिशेब ०-४.

आणि मग २८ मे. जायंट्स ५-२ ने पुढे, नववी इनिंग, ऑस्टिन बार्न्सचा तीन रनांचा होमरन. ५-५. हातातोंडाशी आलेला घास गेला. तेवढ्यावर भागलं नाही. अल्बर्ट पुहोल्स बॅटिंगला आला. एंजल्सने त्याला मेमध्येच सोडलं होतं आणि डॉजर्सने उचललं होतं. त्याने लेफ्ट फील्डच्या कोपऱ्याकडे उंच मारला. जायंट्सचा माइक टॉकमन भिंतीपर्यंत पळत गेला, उडी मारली, ग्लोव्ह भिंतीच्या वरून पलीकडे गेला आणि बॉल घेऊनच परत आला. तो बॉल पलीकडे पडला असता तर मॅच तिथेच संपली होती, ०-५. त्याऐवजी दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सने तीन रन काढले, ८-५. पुढच्या दोन्ही मॅचेसही घेतल्या, ११-६ आणि ५-४.

जूनच्या शेवटी पुन्हा एलए, दोन मॅचेस, दोन्ही हरलो (३-२, ३-१). ३-६ झालं. तिथून पुढच्या दहापैकी सात जायंट्सने जिंकल्या. त्या दहांवर लिहायला मला सगळ्यांची मदत हवी आहे. डॉजर्सवाल्यांनीही यावं.

कोथरूडकर

वाचायला मजा आली, पण काही गोष्टी डोक्यावरून गेल्या. १६२ मॅचेसचा सीझन हे ऐकून होतो. त्यात एकाच टीमशी १९ का? आणि दुसरा नंबर आला म्हणून एवढं काय बिघडतं, प्लेऑफला तर दोघंही गेले ना?

फ्रीमाँटकर

@कोथरूडकर, नॅशनल लीगच्या वेस्ट डिव्हिजनमध्ये पाच टीम्स. तेव्हाच्या पद्धतीत डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १९, म्हणजे ७६ मॅचेस घरच्याच चौघांशी. बाकीच्या इतरांशी.

दुसऱ्या नंबरचं म्हणाल तर पुष्कळ बिघडतं. डिव्हिजन जिंकणारा थेट पाच मॅचेसच्या सिरीजमध्ये जातो. दुसऱ्या नंबरवाल्याला तेव्हा वाइल्ड कार्डची एकच मॅच खेळावी लागायची. हरला की घरी. डॉजर्सने १०६ मॅचेस जिंकल्या, २०१९ मधल्या त्यांच्या तोवरच्या सर्वोच्च आकड्याशी बरोबरी केली, आणि ६ ऑक्टोबरला सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध एका मॅचवर त्यांचा अख्खा सीझन टांगला होता. नवव्या इनिंगपर्यंत १-१. शेवटी ख्रिस टेलरने दोन रनांचा होमरन मारला म्हणून वाचले.

शिवाय आपसातल्या मॅचचं वजन दुप्पट. तुम्ही जिंकलात की तुमचा एक वाढतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याचा एक पराभव वाढतो. आयपीएलच्या पॉइंट टेबलमध्ये शेवटच्या जागेसाठी भांडणाऱ्या दोन टीम्स समोरासमोर येतात तेव्हा जे होतं, ते इथे १९ वेळा.

पासाडेना

आलो. मी डॉजर्सचा, आणि माझ्या लेखी ही सिरीज आजही बरोबरीतच सुटलेली आहे.

९७-४६ चा मुद्दा मान्य, तो नाकारता येत नाही. पण या १९ मॅचेसमधले रन मोजा. मी स्कोअर लावून बेरीज केली आहे. डॉजर्स ८०, जायंट्स ७८. आणि आमच्याकडे कोण नव्हतं ते बघा. कोरी सीगरचा हात १५ मेला मोडला आणि तो परतला ३० जुलैला. १९ पैकी १६ मॅचेस नेमक्या या काळात झाल्या. त्या सगळ्या आम्ही आमच्या शॉर्टस्टॉपशिवाय (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) खेळलो. मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर वॉशिंग्टनहून आले तेही जुलैच्या शेवटी. पूर्ण ताकदीचे डॉजर्स जायंट्सला भेटले ते सप्टेंबरमध्ये, फक्त तीन मॅचेससाठी.

बाकी टॉकमनचा तो कॅच मला अजून बघवत नाही.

फ्रीमाँटकर

सीगरचं बरोबर आहे. पण आमचा एव्हन लोंगोरियाही जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता. आणि सप्टेंबरच्या ज्या तीन मॅचेस तुम्ही पूर्ण ताकदीने खेळलात म्हणता, त्यातल्या दोन आम्हीच जिंकल्या.

८०-७८ बद्दल माझं मत वेगळं आहे. २८ जुलैला तुम्ही आम्हाला ८-० ने धुतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ५-० ने जिंकलो. त्या दोन दिवसांचे रन ८-५, पण मॅचेस १-१. त्या सहा-सात जादा रनांचं डॉजर्सला काय मिळालं? मला आमचा मॅनेजर कॅप्लर याच्या टीमबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडायचं. मार खाल्ला तर एकाच दिवशी भरपूर खायचा आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. गेब कॅप्लरला त्या वर्षी नॅशनल लीगचा मॅनेजर ऑफ द इयर मिळाला तो उगाच नाही.

आणखी एक. कॅप्लर आणि त्याच्या वरचा फरहान झैदी, दोघंही आधी डॉजर्सच्याच ऑफिसात होते. झैदी जनरल मॅनेजर, कॅप्लर तरुण खेळाडूंच्या तयारीचा प्रमुख. डॉजर्सना आतून ओळखणारी माणसं सॅन फ्रान्सिस्कोत बसली होती. माझ्या मते या १०-९ मध्ये त्याचाही वाटा आहे.

आकडेमोड

पासाडेना यांनी बेरीज केलीच आहे, मी जरा फोड करतो.

एका रनाने सुटलेल्या मॅचेस ६, त्यात ३-३. दोन रनांनी सुटलेल्या ५, त्यात जायंट्स ३, डॉजर्स २. तीन किंवा जास्त रनांच्या ८, त्यात ४-४. म्हणजे कुठूनही कापा, बरोबरीच. फरक पडतो तो फक्त दोन रनांच्या त्या पाच मॅचेसमध्ये.

पण मला खरी गंमत मैदानांची वाटते. ओरॅकल पार्कवर ९ मॅचेस झाल्या, जायंट्स ४-५. डॉजर स्टेडियमवर १० झाल्या, जायंट्स ६-४. दोघंही आपापल्या घरी हरले! जायंट्सने ही डिव्हिजन एलएमध्ये जाऊन जिंकली आहे. स्वतःच्या घरी नाही.

सनीव्हेल

आकडेमोड, +१. मैदानांचा मुद्दा माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

जुलैचा एलए दौरा कुणीच लिहिला नाही म्हणून मी लिहिते, कारण त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. १९ जुलै, जायंट्स ७-२. २० जुलै, नवव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा तीन रनांचा होमरन, डॉजर्स ८-६, आमच्याकडे सुतकी कळा. २१ जुलै, नवव्या इनिंगमध्ये समोर केन्ली जॅन्सन, डॉजर्सचा ठरलेला क्लोजर, म्हणजे आघाडी राखायला शेवटी आणतात तो पिचर. विल्मर फ्लोरेसने त्याला दोन रनांचा होमरन ठोकला, ४-२. एका दिवसात उट्टं काढलं.

आणि २२ जुलै. पुन्हा नववी इनिंग, पुन्हा जॅन्सन, डॉजर्स ३-२ ने पुढे. बेसेस भरलेल्या, दोन आउट, काउंट तीन-दोन (तीन चुकीचे बॉल, दोन स्ट्राइक), बॅटिंगला डॅरिन रफ. जॅन्सनचा बॉल, रफची बॅट निघाली आणि मधेच थांबली. थांबली का? तिथेच सगळं अडलं होतं. स्विंग धरली तर स्ट्राइक, आउट, मॅच संपली. नाही धरली तर चौथा चुकीचा बॉल, म्हणजे वॉक (पहिला बेस फुकट), सगळे एकेक बेस पुढे, आणि ३-३. पहिल्या बेसवरच्या अंपायरने हात आडवे केले: स्विंग नाही. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स तावातावाने मैदानात आला, अंपायरने त्याला बाहेर काढलं. लगेच लामाँट वेड ज्युनियरने सिंगल मारून दोन रन आत आणले. ५-३.

रिप्ले मी पुष्कळदा बघितला आहे. बॅट जरा पुढे गेलीच होती असं मला वाटतं. जायंट्सची असूनही हे लिहिते आहे.

पासाडेना

धन्यवाद सनीव्हेल ताई. हे एका जायंट्सवालीने लिहिलेलं वाचून बरं वाटलं. "जरा" नाही, चांगलीच गेली होती. तो एक निर्णय उलटा असता तर वरच्या फ्रीमाँटकरांच्या हिशेबाने १०७ आमचे होते. कार्डिनल्सची मॅच आम्हाला खेळावी लागली नसती. रेस शेवटच्या दिवसापर्यंत ताणली गेली नसती, तर कदाचित मॅक्स मन्सीलाही त्या दिवशी विश्रांती मिळाली असती. ३ ऑक्टोबरला ब्रुअर्सविरुद्ध पहिल्या बेसवर टक्कर होऊन त्याचं कोपर गेलं आणि अख्खा ऑक्टोबर तो बाहेर बसला.

मी अंपायरला दोष देत नाही. चेक स्विंग हा असाच प्रकार आहे, नियमात त्याची नेमकी रेघ कुठे आखलेली नाही. आणि जॅन्सनने लागोपाठ दोन दिवस सामना घालवायला नको होता, हेही खरंच.

जुनं खोड

मी ९० च्या आधीपासून बे एरियात आहे. तरुण मंडळींनो, तुम्हाला २०२१ आठवतं, मला १९९३ विसरता येत नाही.

त्या वर्षी जायंट्सने १०३ मॅचेस जिंकल्या. बॅरी बॉन्ड्सचं इथलं पहिलं वर्ष. अटलांटा ब्रेव्हज तेव्हा आमच्याच डिव्हिजनमध्ये. शेवटच्या दिवशी दोघंही १०३ वर. ब्रेव्हज जिंकले, १०४. जायंट्स हरले. कुणाकडून? डॉजर्सकडून, एलएमध्ये, १२-१. डॉजर्सला त्या मॅचमधून काही मिळणार नव्हतं, फक्त आम्हाला घरी पाठवायचं होतं. तेव्हा वाइल्ड कार्ड नव्हतं. १०३ विजय आणि ऑक्टोबर घरी.

तारीख ३ ऑक्टोबर.

२०२१ मध्ये डिव्हिजन पक्की झाली तीही ३ ऑक्टोबरला. सॅन डिएगो पॅड्रेजला ११-४ ने हरवलं आणि पिचर लोगन वेबने स्वतः होमरन मारला, त्याच्या कारकिर्दीतला पहिला. आणखी मागे जा. १९५१, दोन्ही टीम्स न्यूयॉर्कमध्ये होत्या, सीझनअखेर बरोबरी, ती फोडायला तीन जादा मॅचेस, आणि तिसऱ्या मॅचमध्ये बॉबी थॉमसनच्या होमरनने जायंट्स जिंकले: ३ ऑक्टोबर. १९६२, दोघंही कॅलिफोर्नियात, पुन्हा बरोबरी, पुन्हा तीन मॅचेस, तिसरी जायंट्सने जिंकली: तीही ३ ऑक्टोबर.

२०२१ च्या त्या रविवारी दुपारी शेवटचा आउट झाला तेव्हा मी १९९३ चं उसनं फिटलं असं मानलं. २८ वर्षं वाट बघितली होती.

कोथरूडकर

काका, अंगावर काटा आला. १९५८ मध्ये दोघंही एकत्रच न्यूयॉर्क सोडून आले ना?

जुनं खोड

हो, एकाच वर्षी. डॉजर्स ब्रुकलिनहून, जायंट्स मॅनहॅटनहून. भांडण सामानाबरोबर घेऊन आले.

सनीव्हेल

सप्टेंबरबद्दल कुणी लिहिणार आहे का? मी ३ तारखेला मैदानात होते, म्हणून तेवढं लिहिते.

दोन्ही टीम्स त्या शुक्रवारी ८५-४९ वर, अगदी बरोबरीत. कॅलट्रेन माउंटन व्ह्यूपासूनच उभं राहायला जागा नाही इतकी भरलेली, नारिंगी-काळे आणि निळे एकाच डब्यात. मॅच अकरा इनिंग्ज चालली. खाडीकडून वारा सुटला होता, सप्टेंबर असूनही जाकिटाच्या चेन गळ्यापर्यंत. अकराव्या इनिंगच्या उत्तरार्धात बस्टर पोझीने साधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला. ट्रे टर्नरने उचलून फेकला, रोजचा थ्रो. पण तो जरा बाजूला गेला आणि पहिल्या बेसवरच्या माणसाचा पाय बेसवरून सुटला. माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की रिप्लेचा निर्णय येईपर्यंत सोडला नाही. सेफ. ३-२. "बीट एलए"च्या घोषणा किंग स्ट्रीटपर्यंत चालू होत्या.

पोझीने २०२० चा सीझन घरच्यांसाठी सोडला होता. परत आला, .३०४ च्या बॅटिंग सरासरीने खेळला, १८ होमरन मारले, आणि नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाला. त्या ग्राउंडरवर तो जीव खाऊन पळाला होता, हे मला सांगायचं होतं. चौतीस वर्षांचा कॅचर. तो रमतगमत गेला असता तर बाजूला गेलेला थ्रोही पुरला असता.

फ्रीमाँटकर

सनीव्हेल, सुंदर. पुढचं मी पूर्ण करतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

शनिवारी डॉजर्स ६-१, पुन्हा बरोबरी. रविवार, ५ सप्टेंबर, समोर वॉकर बूलर, त्या वर्षीच्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचर्सपैकी एक. जायंट्सने त्याला तीन इनिंग्जमध्ये सहा रन मारले. ६-४. जायंट्स ८७-५०, डॉजर्स ८६-५१. एका मॅचची आघाडी.

पुढे प्रत्येकी २५ मॅचेस राहिल्या होत्या. जायंट्स त्यात २०-५. आणि डॉजर्स? तेही २०-५! चार आठवडे रोज रात्री दुसऱ्याचा स्कोअर बघायचा आणि रोज तोच जिंकलेला असायचा. त्या रविवारी जो एका मॅचचा फरक पडला तो शेवटपर्यंत जसाच्या तसा राहिला. २०-५ खेळून पाठलाग करणाऱ्याला एक मॅचही मिळू न देणं, याला मी मोठेपणा म्हणतो. दोन्ही टीम्सचा.

पासाडेना

हे लिहिलंत म्हणून आता ऑक्टोबर काढावाच लागतो. धागा रेग्युलर सीझनचा आहे, पण हिशेब अर्धा ठेवता येणार नाही.

प्लेऑफमध्ये या दोन टीम्स एकमेकांसमोर पहिल्यांदाच आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ४-० जायंट्स, ९-२ डॉजर्स, १-० जायंट्स (लोंगोरियाचा शर्झरला मारलेला होमरन, वाऱ्याच्या रात्री), ७-२ डॉजर्स. पाचव्या मॅचआधी दोघांचे एकूण विजय १०९-१०९. १४ ऑक्टोबर, ओरॅकल पार्क. १-१, नववी इनिंग, कोडी बेलिंजरचा सिंगल, जस्टिन टर्नर घरी, २-१. उत्तरार्धात शर्झर क्लोजर म्हणून आला, त्याच्या कारकिर्दीतला पहिला सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद). दोन आउट, फ्लोरेस, काउंट शून्य-दोन. फ्लोरेसची बॅट मधेच थांबली आणि पहिल्या बेसवरच्या अंपायरने स्विंग दिली. सीझन संपला.

त्या चेक स्विंगवर फ्लोरेस आउट नव्हता. डॉजर्सचा असून लिहितोय. पण जुलैमधला रफही वाचायला नको होता. १९ अधिक ५, एकूण २४ मॅचेस, १२-१२. म्हणूनच मी सुरुवातीला बरोबरी म्हणालो.

फ्रीमाँटकर

१२-१२ मान्य. फक्त एक फरक: जुलैमध्ये तुमच्याकडे अजून दोन महिने होते. फ्लोरेसकडे एक बॉलही उरला नव्हता. शून्य-दोनवर शर्झरसमोर तो कदाचित पुढच्याच बॉलला आउट झाला असता, बेसवर आमचा ब्रायंट एकटाच होता, हे सगळं कळतं. तरी त्याला तो बॉल मिळायला हवा होता.

आकडेमोड

एक माहिती भर घालतो. २०२३ पासून वेळापत्रक बदललं. आता डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १९ ऐवजी १३ मॅचेस, कारण सगळ्याच टीम्स सगळ्यांशी खेळतात. ही मला वाईट बातमी वाटते. ०-४ वरून १०-९ व्हायला जागा लागते.

जुनं खोड

अनुमोदन. १३ मध्ये डॉजर्सचं समाधान होत नाही, आमचंही नाही.

पासाडेना

पण एक बाजू उलटीही आहे. २०२१ मध्ये बरोबरी झाली असती तर १६३ वी मॅच खेळवली असती, आणि आपसात १०-९ असल्यामुळे ती ओरॅकल पार्कवर झाली असती. २०२२ पासून ती मॅच बंद केली. आता दोघं बरोबरीत आले तर आपसातला निकाल थेट डिव्हिजन देतो. मॅचेस कमी झाल्या, पण प्रत्येकीचं वजन वाढलं. १३ हा विषम आकडा आहे हेही विसरू नका, बरोबरी होणारच नाही.

कोथरूडकर

मी या सगळ्यातली एकही मॅच पाहिलेली नाही. यूट्यूबवर कुठून सुरुवात करू?

फ्रीमाँटकर

आधी २८ मेची नववी आणि दहावी इनिंग. मग २१ आणि २२ जुलैच्या नवव्या इनिंग्ज लागोपाठ, दोन्हीत जॅन्सन आहे. ३ सप्टेंबरची मात्र तुकड्यांत बघू नका, सुट्टीच्या दिवशी पूर्ण अकरा इनिंग्ज बघा. नियम अडले तर इथेच विचारा, कुणी ना कुणी उत्तर देईल.